फोटोतला स्वच्छ माग

ये वं बाई, जरा जवळ सरक. गॅस बारीक कर, मोबाइल उलटा ठेव आणि हे कागद दोन्ही हातांत धरून वाच. फोनवर सांगायला गेलं की तू "हो मोठ्याई, हो मोठ्याई" म्हणत तिकडे कुकरच्या शिट्या मोजतेस. म्हणून लिहून पाठवते आहे. राहतेस कुठे, तर वाडीला. ट्रकांच्या आणि गोदामांच्या गर्दीत का होईना, पण ते नागपूरच ना? आणि दोन वर्षं झाली, तुझा पाय या गल्लीला लागला नाही. शेजारणीचा मुलगा परदेशात असतो, तो तुझ्यापेक्षा जास्त वेळा येऊन गेला.

असो. परवा विद्यापीठाच्या पत्रिकेत माझा फोटो आला. तो फिरत फिरत तुझ्या मोबाइलवर पोचला आणि तू मला टाळ्या वाजवणारे दोन हात पाठवलेस. खाली लिहिलंस, "मोठ्याई, शाल किती छान! आणि माग किती स्वच्छ दिसतोय!"

ते वाचलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. रागावले नाही. म्हणजे थोडी रागावले. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण तू त्या मागापाशी बसून मोठी झालेली पोर. आपला माग तसा बोडका पाहून तू तरी विचारायला पाहिजे होतंस, हे काय झालं म्हणून.

आता पहिल्यापासून ऐक.

मी चौथी शिकलेली, हे तुला माहीत आहे. पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून आणि तुझ्या बाबाची, म्हणजे माझ्या दिराची, पुस्तकं चोरून. म्हणून मला विद्यापीठाचं केवढं अप्रूप! बस त्या इमारतीवरून गेली की मी खिडकीतून हात जोडायची. तुझे मोठे बाबा माझ्या हातावर चापट मारायचे.

"काय करून राहिली वं? देऊळ हाये का ते? लोक हसते."

"विद्येचं देऊळच हाये."

"मंग पुढच्या बारीले नारळ घेऊन ये."

मी चिडायची. आज वाटतं, माणसाची नजर पक्की होती.

तर हे देऊळ मागच्या वर्षी आपणहून चालत गल्लीत आलं. माणसं नंतर आली, आधी पाटी आली. निळी, पुरुषभर उंच, वर विद्यापीठाचा बिल्ला आणि खाली मोठ्या अक्षरांत 'दत्तक वस्ती'. रोवली ती नेमकी नळासमोर. पाण्याचा गुंड उचलायला वाकलं की डोक्याला लागायची. शेजारीण पहिल्याच दिवशी कपाळ चोळत माझ्याकडे आली. तिला तू ओळखतेस, जिभेला हाड नाही.

"अवो, दत्तक घ्याचं असलं तं पोराच्या मायबापाले विचारते. आपल्याले कोणी विचारलं?"

"आता मोठ्या लोकांनी घेतलं तं घेऊ दे ना," मी म्हटलं.

"घेऊ दे ना. पण दत्तक घेतलं तं घरी नेते. हे तं पाटी लावून आपल्याले इथंच ठेवून गेले!"

मी तिला दटावलं. हो, मीच. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, काही तरी चांगलंच करतील.

मग कार्यशाळा आली. समाजमंदिरात, तीन दिवस. विषय काय, तर हातमाग विणकामाची ओळख. आता आपल्या गल्लीत हातमागाची ओळख कुणाला करून देणार, सांग. पोरं तर सगळी दुकानांत, कंपन्यांत, गोदामांत. दुपारी घरी राहतो आम्ही म्हाताऱ्या. यादीत चाळीस नावं भरायची होती, म्हणून आम्हालाच प्रशिक्षणार्थी करून टाकलं. जन्मभर ज्यांनी धाग्याच्या कांड्या भरल्या त्या बाया पुढच्या सतरंजीवर बसल्या, आणि जॅकेट घातलेल्या एका सरांनी भिंतीवर चित्रं दाखवत ताणा म्हणजे काय ते शिकवायला घेतलं. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. आणि ताणा म्हणताना सरांच्या हातातली लाल काठी फिरत होती आडव्यावर.

शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "हा ताणा म्हणते आन बाणा दाखवून राहिला."

"चूप बस. चित्र उलटं लागलं असंल."

"चित्र सुलटंच हाये. माणूसच उलटा लावला."

सर म्हणाले, "मावशी, काही शंका?" शेजारीण म्हणाली, "नाही सर, सगळी शंका फिटली."

तिसऱ्या दिवशी समोसा दिला आणि एक कागद. कार्यशाळेमुळे तुमच्या ज्ञानात किती वाढ झाली? पुष्कळ, बऱ्यापैकी, थोडी, यातल्या एकावर खूण करा. शेजारणीने कागद परत नेऊन दिला. म्हणे, "कमी झालं असंल तं त्याचा रकाना कुठं हाये?" मी मात्र 'पुष्कळ'वर खूण केली. लाज वाटते आता सांगायला. मला वाटलं, आपण थोडी लिहिलं तर त्या पोरापोरींचे मार्क कापतील.

आणि मीच तोंडाने बोलून गेले, बाई. जाता जाता सरांना म्हटलं, आमच्या घरी खड्ड्याचा, पाय खाली सोडून विणायचा माग आहे, अजून उभा आहे. सरांचे डोळे केवढे मोठे झाले! त्यांनी तिथल्या तिथे दोघांना फोन लावले. विद्यापीठाची तपासणी करायला वरून मंडळी येणार होती आणि वस्तीत दाखवायला काही तरी जिवंत पाहिजे होतं.

आता इथे थांबून तुला एक आठवण करून द्यायची आहे. आपला माग कधी रिकामा नसायचा, आठवतं? लुगडं विणून झालं की कापड कापून घ्यायचं, पण मागच्या बाजूला हातभर जुने धागे तसेच ठेवायचे. फणीतून ओवलेले, फणीमागच्या दोऱ्यांच्या डोळ्यांतून ओवलेले. आपण त्यांना शेपटं म्हणायचो. नवा ताणा आला की त्या एकेका शेपटाला एकेक नवा धागा, बोटाला राख लावून, पिळून सांधायचा आणि सगळं मिळून पुढे ओढून घ्यायचं. म्हणजे हजारो धागे पुन्हा ओवायला नकोत. कोणता धागा कोणत्या डोळ्यातून, किनारीचा तांबडा कुठे, पिवळा कुठे, कुठला डोळा मोकळा सोडायचा, ते सगळं त्या शेपटांतच असायचं. कागदावर कुठेच नाही. सासूबाईंकडून तुझ्या मोठ्या बाबांकडे आलेली ती किनार, तिचा ठावठिकाणा म्हणजे ती शेपटं.

आणि ती कुणाची होती, माहीत आहे? तुझीच. तुझ्या लग्नातलं लुगडं हे त्या मागावरचं शेवटचं. त्याच ताण्याची शेपटं ठेवून मोठे बाबा गेले. चार वर्षं मी त्यांना हात लावला नाही. वरची धूळ फुंकरीने उडवायची, फडका मारायची नाही.

काहून ठेवली होती, तेही सांगते. हे तुला कधी बोलले नाही. त्या किनारीची लुगडी त्यांनी गल्लीभर बायांना विणून दिली, तुझ्या आईला दिलं, तुला दिलं. माझं मात्र दर वेळी पुढच्या ताण्यावर. "या बारीले गिऱ्हाईकाचं होऊ दे, पुढचं तुझं." मी म्हणायची, "पुढचं पुढचं करता करता मले पांढऱ्यात गुंडाळसान." ते हसायचे. गेले ते आधी गेले. मग मी ठरवलं, आपलं आपण विणायचं. धोटा मलाही फेकता येतो. यंदा हिवाळ्यात उमरेडच्या एका विणकराकडून ताणा करून आणला. डब्यावरच्या पेटीत आहे, जांभळा. फक्त सांधायचा होता. संक्रांतीनंतर बसणार होते.

संक्रांतीच्या आधीच विद्यापीठवाले आले. वीसेक पोरंपोरी, गळ्यात ओळखपत्रं, हातात कोरे खराटे, आणि पुढे सर. दुसऱ्या दिवशी तपासणीची मंडळी येणार, म्हणून आदल्या दिवशी वस्ती स्वच्छ करायची. नळासमोरची घाण, जी रोज त्यांच्याच पाटीला अडून साचते, ती त्यांनी काढली आणि तिचा फोटो घेतला. मग माझ्या घरी आले. सगळे आजी आजी करत होते. वीस पोरं घरात आजी म्हणतात तेव्हा माणूस विरघळतो. मी म्हटलं, बसा, चहा ठेवते. दूध पुरेना म्हणून शेजारणीकडे गेले. किती वेळ? तिने म्हैसवाल्याचं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितलं तेवढा, तासभर तरी.

परत आले तर माग चमकत होता.

लाकडाला तेल लावलेलं. खड्ड्यातली धूळ काढलेली. फणी ब्रशने घासून पुसलेली, आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. आरपार. एक चुणचुणीत पोरगी हातात कात्री घेऊन उभी, घामाघूम, आनंदलेली.

"आजी, बघा! किती जुने सडके दोरे अडकले होते. एकेक ओढून काढावा लागला. दोन तास पुरले नसते, आम्ही सहा जण लागलो म्हणून झालं."

माझ्या हातात दुधाचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं आणि मागाच्या काठावर बसले. रिकाम्या फणीवरून बोट फिरवलं. सर म्हणाले, "पाहिलंत? आजी भारावून गेल्या." आणि त्यांनी माझ्या भारावण्याचा फोटो काढला.

दोरे एका काळ्या पिशवीत भरले होते. मी पिशवी मागितली. ती कचऱ्याच्या गाडीत गेली होती. पण मिळून तरी काय करायचं होतं? एकदा डोळ्यातून निघालेला धागा नुसता धागा असतो.

मी बोलले का नाही, असं तू विचारशील. माझं तोंड काही लहान नाही. पण त्या पोरीचा चेहरा पाहिला आणि जीभ वळली नाही. आणि खरं सांगू? मनात एका कोपऱ्यात असंही होतं की एवढ्या शिकलेल्या माणसांनी केलं, तर आपलंच काही चुकत असेल. चौथी शिकलेल्या बाईला हे असं वाटतं. म्हणून चहा केला. गाळला. दिला.

दुसऱ्या दिवशी तपासणीची मंडळी आली. त्याच मागाशेजारी मला खुर्चीवर बसवलं, शाल दिली, कार्यशाळेचं प्रमाणपत्र दिलं, आणि सरांनी भाषण केलं. लोप पावणारी कला, पिढ्यांचं ज्ञान, विद्यापीठाने कसं वेळेवर हात देऊन वाचवलं. भाषण चालू असताना सर फणीवर हात ठेवून उभे होते. तू पाहिलास तो हा फोटो. मी त्यात हसते आहे असं तुला वाटलं असेल. दात दुखत होता.

नंतर आठ दिवस मी घरात नुसती फिरत राहिले. पेटी उघडायची, जांभळा ताणा पाहायचा, पेटी लावायची. शेवटी शेजारीण म्हणाली, "मेल्यावानी काहून करून राहिली? जाय आन विचार त्याईले. त्याईनं दत्तक घेतलं ना तुले?"

गेले. शाल आणि प्रमाणपत्र पिशवीत घालून, परत द्यायला. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणत्या विभागात जायचं?"

"ज्याईनं मले दत्तक घेतलं त्या विभागात."

तो हसला नाही. त्याने वहीत पाहिलं आणि दुसरा मजला सांगितला. म्हणजे खरंच आहे तसा विभाग.

सरांनी मला ओळखलं, एवढं मानलं पाहिजे. शेजारच्या टेबलावरच्यांना म्हणाले, "या आपल्या लाभार्थी." मी म्हटलं, सर, लाभ झाला त्याच्याबद्दलच आले. सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच, राख लावून सांधण्यापासून. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "दोरेच ना, आजी? नवे टाकून देऊ. पुढच्या टप्प्यात रंगकामही आहे."

"दोरे माह्याजवळबी हायेत, सर. कोणता दोरा कुठून गेला, ते पाह्यजे."

"हो, हो, त्याचं डॉक्युमेंटेशन असणारच आपल्याकडे."

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू. त्यांनी संगणक उघडला. दोनशे फोटो असतील. सर खराटा घेऊन. सर पाटीपाशी. दिवा लावताना सर. पोरं रांगेत. समोसा. मी भारावलेली. मी शाल घेतलेली. माग पुढून, माग बाजूने, सगळीकडून बोडका.

"याच्या आधीचा?" मी विचारलं.

"कशाच्या आधीचा?"

"साफ करण्याच्या आधीचा. एक तरी."

सर माझ्याकडे बघून हसले. लहान पोराकडे बघून हसतात तसं. "आधीचा कशाला काढणार, आजी? आधी तर सगळं घाण होतं."

 दोनशे फोटो वाचवलेल्या मागाचे, आणि ज्याला वाचवायचं होतं त्याचा एक नाही. मी शाल काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, प्रमाणपत्र तिच्यावर ठेवलं आणि निघाले. मनात म्हटलं, निदान एवढं तरी कळेल. बसथांब्यावर उभी होते तर त्यांचा शिपाई धावत आला, धापा टाकत. "आजी, आजी! शाल विसरल्या तुम्ही." मला राग यायचा तिथे हसू आलं. घेतली. आता ती फणीवर झाकून ठेवली आहे, धूळ बसू नये म्हणून. तेवढा एक उपयोग.

आणि बसमधून येताना त्या इमारतीकडे पाहिलं. हात मांडीवरच राहिले.

पाटीचं विचारत असशील तर ती आहे अजून. शेजारणीने तिला बकरी बांधली आहे. बकरीने खालचा अर्धा 'दत्तक' चाटून पांढरा केला आहे. त्यांचं इकडे येणं तपासणी झाल्यावर संपलं. दुसरी वस्ती घेतली म्हणतात. देव त्या वस्तीतल्या जुन्या वस्तूंना सांभाळो.

एक माणूस मात्र परत आलं. ती कात्रीवाली पोरगी. मी सरांना सांगत होते तेव्हा ती दारात फाइल घेऊन उभी होती म्हणे, मला दिसली नाही. त्या रविवारी एकटीच आली. ना ओळखपत्र, ना खराटा. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आजी, कात्री मी चालवली होती."

"माहीत हाये. ये आत."

खापा गावची आहे. तिचा आजा विणकर होता, पण तिने माग पाहिलेला नाही. तिच्या जन्माआधीच विकला. ती रडली. मी पोटभर बोलून घेतलं, एक शब्द शिल्लक ठेवला नाही, आणि मग दोघींनी जेवण केलं. आता दर रविवारी येते. तिचे डोळे चांगले आहेत. फणीपाशी बसून आकडीने धागा ओढायला शिकली. मधलं अंग साधं असतं, एकाआड एक, ते ओवून होत आलं आहे. त्या पोरीला कुणी प्रमाणपत्र देणार नाही याचं.

पण किनारीपाशी येऊन आम्ही दोघी अडलो आहोत, आणि म्हणून हे एवढं लांबण लावलं.

मागाच्या दोऱ्यांचे जुने डोळे कुजले होते म्हणून मोठ्या बाबांनी सगळं नव्याने ओवलं, तेव्हा तू तिसरीत होतीस. उन्हाळ्याची सुट्टी होती. चार दिवस तू मागच्या बाजूला बसून त्यांना एकेक धागा हातात देत होतीस. ते पुढून चालीवर म्हणायचे आणि तू मागून तसंच म्हणून धागा द्यायचीस. मी चुलीपाशी बसून ऐकायची. "दोन तांबडे, एक पिवळा, एक सोड. काळे चार, एक सोड." त्याच्यापुढे? त्याच्यापुढे माझ्या कानात नुसती चाल आहे, शब्द नाहीत. रोज म्हणून पाहते. 'एक सोड'पाशी येते आणि थांबते. तुझ्या तोंडात असेल ते. लहानपणी तोंडी बसलेलं जात नाही. चाल मी धरीन, तू शब्द धर.

आणि तेही नाही आठवलं तर तुझं लुगडं आहे. भिंग घेऊन त्या किनारीचे धागे मोजू. ती खाप्याची पोर मोजेल. तिला मोजायची हौस आहे.

तेवढ्यासाठी ये वं. या रविवारी ये, नाही तर पुढच्या, पण उन्हं तापायच्या आत ये. जावईबापूंना म्हणावं, एक दिवस जेवण हाताने वाढून घ्या. कोथिंबिरीची सांभारवडी करते, तुला आवडते तशी, जास्त तिखट. येताना लुगडं पिशवीत टाक. इस्त्री करू नकोस, धुऊ नकोस, आहे तसं आण. आणि हे बघ, मी रागावणार नाही, आधीच सांगून ठेवते. तू त्याचा ड्रेस शिवून घेतला असशील, तर ड्रेस आण. उशीचे अभ्रे केले असशील, तर अभ्रे आण. किनार कुठे तरी लावलीच असेल ना तू. तेवढी वीतभर जरी राहिली असेल, तरी घेऊन ये. लवकर ये.